टेकडीकडे पाठ करून

८ मार्च

प्रिय दादा,

फोनवर तू नुसतं "हो, हो, बरं" म्हणतोस आणि त्याच वेळी तिकडे कुणाला तरी कुंड्या कुठे ठेवायच्या ते सांगत असतोस. आई म्हणायचीच, याच्याशी बोलायचं तर कागदावर बोला. म्हणून लिहायला बसले आहे.

मुंगीचा हात मोडला. माझं घाबरून झालेलं आहे, आता तू सावकाश घाबर. डावा हात आहे, मनगटाच्या वर. डॉक्टर म्हणाले की या वयाची हाडं पटकन जुळतात. दिवसभर लॅबमध्ये मी लोकांच्या कवळ्यांसाठी प्लास्टर कालवते, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा प्लास्टरकडेच बघत बसते. हे बोटीवर. निरोप पाठवला तर उत्तर आलं, "काळजी घे." समुद्रावरून काळजी घ्यायला सांगणं सोपं असतं.

आमच्या इमारतीसमोरच्या बागेत झालं हे. झोपाळ्यांच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून मातीचा एक उंचवटा आहे. सगळी पोरं त्याच्यावर चढतात आणि बुडावर घसरत खाली येतात. मी बाकावर गप्पा मारत नव्हते हं, अगदी जवळ उभी होते. मुंगी वर पोचली. मला दिसत होतं आता काय होणार ते. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अगं सांभाळ, पडशील!" आणि ती पडलीच. माझं तोंड अजून मिटलंही नव्हतं.

साडेतीन वर्षांच्या जिवांच्या बागेत असले उंचवटे ठेवतातच कसे? तुम्ही बागखात्यातले लोक झोपा काढता का? मी काही गप्प बसले नाही. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर गेले, सगळ्या आयांच्या सह्या घेतल्या आणि इथल्या बागखात्याला अर्ज ठोकला की तो उंचवटा ताबडतोब सपाट करा. एकजण म्हणाली, "जाऊ दे गं, पोरं पडायचीच." तिला मी असं काही ऐकवलं की तिने सही केली आणि वर चहाही दिला.

तुझ्या गावच्या बागा तर तुझ्याच हातात आहेत. तिथं असलं काही असेल तर काढून टाक, दादा. तुला मुंगीची शपथ आहे.

तुझी
छोटी


१७ मार्च

प्रिय छोटी,

पत्र ऑफिसात मिळालं. तिथेच वाचलं आणि मग उरलेला दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. कुंड्यांचं म्हणशील तर त्या मी सांगितल्या नाहीत तर रस्त्याच्या मधोमध ठेवल्या जातात, तेव्हा माझ्या फोनवरच्या वागण्याबद्दल फार मनात ठेवू नकोस.

मुंगीच्या प्लास्टरवर माझ्या वतीने एक फूल काढ. तुझी वहिनी म्हणते की पोरीला दूध दे आणि तू स्वतःही दोन घास नीट जेवत जा. तिला तुझा स्वभाव माहीत आहे. पोरगी आजारी पडली की आई उपाशी.

आता तुझ्या शपथेबद्दल. तू रागाच्या भरात लिहिलंस हे मला कळतं, पण तुझं म्हणणं खोटं नाही. इथे एक काम मी फार दिवस अडवून धरलं होतं. वरचे लोक विचारायचे, "का हो, याला उशीर का?" मी "बघू, बघू" म्हणून वेळ मारून न्यायचो. त्यांना सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतंच, होतं ते माझ्या मनातलं. तुझं पत्र आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. उद्या कुणा दुसऱ्याच्या मुंगीचा हात मोडला आणि मी माझ्या लहानपणाला कुरवाळत बसलो होतो असं झालं, तर मी कुठे तोंड लपवू? दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली.

कसलं काम ते विचारू नकोस. काम पूर्ण झालं की मुंगीला इकडे घेऊन ये. तिला साधं खरचटणारसुद्धा नाही, ही जबाबदारी माझी.

तुझा
दादा


२६ जून

प्रिय दादा,

प्लास्टर कधीच निघालं. हात छान जुळला आहे, डॉक्टर खूश आहेत. मी मात्र खूश नाही.

मुंगीने चढणं सोडून दिलं आहे. फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचं तरी हात पुढे करते. जिन्यात प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवते आणि थांबते. घरी नुसती फरशी, लॅबच्या पाळणाघरात फरशी, लिफ्टमध्ये फरशी. परवा बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, मधल्या सुट्टीत सगळी मुलं अंगणात धावतात आणि मुंगी भिंतीला टेकून सगळ्यांच्या चपला राखत बसते. कुणी खेळायला ओढलं तर रडते. बाई म्हणाल्या, "तिला मातीत सोडा. उंचसखल जमीन पायांना कळू दे. घसरू दे, धडपडू दे. या वयात पाय जे शिकतात त्यावरच मुलं पुढे उभी राहतात." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लागलं.

मग मी तिला रोज बागेत न्यायला लागले. त्या उंचवट्याच्या पायथ्याशी नेलं, हात धरला, म्हटलं चल. तर ती पाऊल टाकण्याआधी वर माझ्या तोंडाकडे बघते. प्रत्येक पावलाला. मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे काय बघतेस, पायाकडे बघ ना." तर काय म्हणाली ऐक. "तुझ्याकडेच बघते. तू ओरडलीस की मी पडते."

दादा, मी तिथेच मातीत बसले. त्या दिवशी ती नीट चढली होती रे. माझी हाक ऐकून मागे वळली आणि तिचा पाय गेला. मी तुला लिहिलं होतं ना, मला आधीच कळलं होतं म्हणून. काय कळलं होतं मला, कपाळ!

आणि मग आई आठवली. गावच्या बागेतल्या आपल्या टेकडीकडे पाठ करून बाकावर बसायची ती. मटार सोलत, नाहीतर विणत. आपल्याला वाटायचं की हिला आपली कटकट नको असते. एकदा बाबा चिडले होते, आठवतं? "पोरं तिकडे माना मोडून घेतील आणि तू इकडे तोंड करून बसलीस!" तर ती म्हणाली, "मी बघायला लागले की ती माझ्याकडे बघतात. त्यांना पायाकडे बघू द्या. कानाने लक्ष आहे माझं." मला तेव्हा ते फक्त बाबांना दिलेलं उत्तर वाटलं होतं. ती किती घाबरत असेल आणि तरी वळत नसेल, ते मला आज कळतं आहे.

मला हे इथं जमणार नाही. इथं सगळ्या आया ओरडतात. एक थांबली की दुसरी सुरू होते, आणि त्यांना तसं करायला मीच शिकवलं आहे. म्हणून ठरवलं आहे की ऑगस्टमध्ये लॅब बंद असते तेव्हा आम्ही दोघी तुझ्याकडे येणार. मी आईच्या बाकावर पाठ करून बसणार आणि मुंगी आपल्या टेकडीवर चढणार. तिला मी सगळं सांगितलं आहे. पाण्याची टाकी खोदली तेव्हाची माती कुणी उचललीच नाही आणि तिच्यावर गवत आलं, आपण खोक्यांच्या पुठ्ठ्यावर बसून घसरायचो, तुझी चड्डी झाडाच्या मुळात अडकून फाटली आणि तू पुठ्ठा मागे धरून घरी आलास, सगळं. पुठ्ठ्याची गोष्ट तर रोज सांगावी लागते. काल विचारत होती, "मामाची टेकडी केवढी?" मी म्हटलं, "मामाएवढी." तेव्हापासून ती दाराच्या मागे बोट लावून तुझी उंची मापते आहे.

तारीख कळव. आणि टेकडीवरचं गवत कापलं असेल तर जरा वाढू दे, आम्ही येईपर्यंत.

तुझी
छोटी


६ जुलै

प्रिय छोटी,

पत्र मिळालं. मुंगीचं वाचून वाईट वाटलं. होईल सगळं नीट.

ऑगस्टचं मात्र जरा अवघड दिसतं. मागच्या खोलीला रंग द्यायचा आहे, सामान सगळं बाहेर निघालेलं असेल. शिवाय रस्ता खणून ठेवला आहे, चिखल फार. ऑफिसातही तपासणी आहे. तुझ्या वहिनीचे गुडघेही दुखतात. हिवाळ्यात बघू या का? नाहीतर मीच येऊन जातो दोन दिवस तुमच्याकडे.

मुंगीसाठी बूट पाठवतो आहे. तळवे चांगले आहेत, घसरायचे नाहीत.

तुझा
दादा


१४ जुलै

दादा,

बूट मिळाले. बसतात.

रंग, रस्ता, तपासणी आणि गुडघे. माणसाने एक कारण दिलं तर विश्वास बसतो, तू चार दिलीस. लहानपणी कपबशी फोडलीस की अशीच रांग लावायचास.

वहिनींना आमचा त्रास होत असेल तर सरळ लिही. मला राग येणार नाही, म्हणजे येईल, पण जाईल. मागच्या वेळी मुंगीने त्यांच्या उशीत शाई सांडली होती ते मी विसरलेले नाही. भावाचं घर लग्नानंतर भावजयीचं होतं एवढी अक्कल मला आहे. त्यांना सांग, आम्ही जेवणही बाहेरून आणू आणि संध्याकाळभर बागेतच असू. मला तुझं घर नको आहे रे, दादा. मला फक्त ती टेकडी हवी आहे.

आणि तू एवढं लांबलचक टाळलंस त्यात टेकडीचा एक शब्द नाही. मुंगीने विचारलं, "मामाने टेकडीचं काय लिहिलं?" मी सांगितलं, पत्र ओलं झालं, अक्षर गेलं.

छोटी


२१ जुलै

प्रिय छोटी,

हे पत्र मी लिहिते आहे, तुझी वहिनी. यांना माहीत नाही. तुझं पत्र टेबलावर उघडंच पडलं होतं आणि त्यात माझं नाव दिसलं, मग काय, वाचलं. वाचून आधी खूप राग आला. माझे गुडघे उत्तम आहेत. परवाच गच्चीवर पाण्याची बादली घेऊन गेले. शाईची उशी मी अजून वापरते, उलटी करून. माझ्या नावावर पाहुणे परतवायचे असतील तर निदान मला विचारून तरी परतवा, असं मी यांना बोलणार होते. पण यांचं तोंड बघितलं आणि बोलले नाही.

खरं कारण मी सांगते. टेकडी राहिली नाही.

नवी बाग करायचं काम फार दिवसांपासून व्हायचं होतं. सपाट जमीन, रबरी चटई, रंगीत घसरगुंडी. यांनीच ते लांबवत नेलं होतं. तुझं मार्चमधलं पत्र आलं आणि यांनी सही केली. मशीन आलं त्या सकाळी हे स्वतः जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं दिवसभर चालेल काम. चहाच्या वेळेला हे घरी परत. म्हणाले, "झालं." एवढ्या वर्षांची टेकडी, आणि चहाच्या आत झालं. जेवले नाहीत. तुझं पत्र खिशात होतं, ते काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "छोटीला बरं वाटेल."

तुला दोष देत नाही मी. तू पोरीच्या काळजीने लिहिलंस, यांनी तुझ्या काळजीने केलं. बाग दिसायला सुरेख आहे. उद्घाटनाला फोटो काढले. मुलं येतात, घसरगुंडीवरून दोनचारदा घसरतात आणि मग फाटकाबाहेर कुणाच्या तरी घराचं बांधकाम चाललं आहे तिथल्या वाळूच्या ढिगावर जाऊन चढतात. रखवालदार त्यांना हाकलतो. त्या रखवालदाराचे वरिष्ठ कोण, तर हेच. संध्याकाळी हे फेरी मारायला म्हणून जातात आणि तुमच्या आईच्या बाकावर बसतात, बागेकडे पाठ करून. मी एकदा मागून जाऊन पाहिलं.

तुझं टेकडीचं पत्र आलं त्या दिवसापासून यांना रात्रंदिवस एकच चिंता, मुंगी आली तर तिला काय दाखवू.

तू ये. खोलीला रंगबिंग काही नाही. मी हे सांगितलं ते यांना कळू देऊ नकोस, मला इथे राहायचं आहे. आणि भावजयीचं घर वगैरे पुन्हा लिहिलंस तर उशी तुला धुवायला लावीन.

तुझी
वहिनी


४ सप्टेंबर

प्रिय छोटी,

तुम्ही गेल्यावर घर फार मोठं वाटतं आहे. मुंगीची एक चप्पल कपाटाखाली सापडली, पाठवतो.

तुम्ही बसमधून उतरलात तेव्हाच मला कळलं होतं की तुला माहीत आहे. कारण आठवडाभर तू टेकडीचं नावसुद्धा काढलं नाहीस. तू आणि टेकडीचं नाव नाही! वहिनीने सांगितलं असणार. तिला मी काही विचारलेलं नाही, विचारलं तर गुडघ्यांचा विषय निघेल. तू मला चार शब्द बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू रोज मला चहा करून दिलास आणि मुंगीला माझ्या खोलीत ढकलत राहिलीस, "जा, मामाकडून गोष्ट ऐक." मी तिला दुसऱ्याच कसल्या तरी गोष्टी सांगत राहिलो.

तुम्ही निघायच्या आदल्या सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी मुंगीला बागेत घेऊन गेलो, ते तुला ठाऊक आहे. तिथे काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. बहुतेक तिनेही नसेल सांगितलं.

फाटकातून आत गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. "टेकडी कुठे?" मी म्हटलं, "इथे होती." ती त्या रबरी चटईवर जाऊन बसली आणि कड नखांनी उचकटायला लागली. "खाली झोपली आहे?" मी म्हटलं, नाही, नेली. "कुणी नेली?" आता खोटं कुठवर बोलणार? म्हटलं, मी. "का?" मी म्हटलं, "तू पडू नयेस म्हणून."

तिने चटईची कड सोडली. मग म्हणाली, "पण मी इथे पडलेच नव्हते."

छोटी, सगळ्या बागखात्याला, मला आणि माझ्या वरच्यांना जे सुचलं नाही ते इतकंच होतं. ती इथे पडलीच नव्हती. इथे कुणीच पडून मेलं नव्हतं. माझी चड्डी फाटली होती, बस्स.

तू तिला सांगितलं होतंस ना, मामाएवढी. मी तिथे चटईवर आडवा झालो. म्हटलं, "चढ." रखवालदार धावत आला, त्याला वाटलं साहेबांना झटका आला. त्याला हातानेच जा म्हटलं. मुंगीने माझ्या पोटावर आधी हात ठेवला, मग एक गुडघा, आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आईसारखं पाठ करता येत नव्हती, पडून होतो. तिने माझं बोट धरलं होतं. थोड्या वेळाने ते सुटलं. दोन्ही पाय पोटावर आले, डगमगले, थांबले. "मामा, बघ ना," म्हणाली. मी बघितलं नाही. मग तिने उडी मारली, त्याचा रबरावर थप्प असा आवाज झाला.

मी डोळे उघडले तर ती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "ही फार लहान आहे."

पुन्हा माती आणून टाकावी म्हणून मी वर बोललो. त्यांनी माझंच टिपण माझ्यापुढे ठेवलं. "लहान मुलांच्या बागेत मातीचा उंचवटा असू नये, अपघात होतो." अक्षर माझं, सही माझी, शिवाय मी त्यात "होऊ शकतो" असंसुद्धा लिहिलं नव्हतं. वरचे साहेब हसून म्हणाले, "तुम्हीच आम्हाला पटवलंत." आपली माती कुठे गेली तेही मी शोधून काढलं. गावाबाहेरच्या नव्या रस्त्याच्या भरावात. तुमची बस त्याच रस्त्याने गेली. मी थांब्यावर बराच वेळ उभा होतो.

मला फार वाईट वाटतं, छोटी. याच्या पलीकडे मला लिहिता येत नाही.

तुझा
दादा


१९ सप्टेंबर

प्रिय दादा,

चप्पल मिळाली. मुंगीने सांगितलं होतं मला सगळं, बसमध्येच. "मामा खूप मऊ आहे, पण लहान आहे." मी तोंड खिडकीकडे करून रडले. तुला बोलले नाही कारण बोलायला तोंड कुठे होतं मला? शपथ मी घातली होती.

पण तुझ्या त्या लहान टेकडीने काम केलं बघ. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुंगी म्हणाली, "आई, बागेत चल. तू पाठ कर." आम्ही गेलो. झोपाळ्यांच्या मागे तोच उंचवटा, तीच भिंत. मी बाकावर उलटी बसले. विणायला घेतलं होतं, एक टाका धड पडला नाही. इतर आया बघत होत्या. एकजण म्हणाली, "अहो, तुमची मुलगी!" मी म्हटलं, "माहीत आहे." मागे माती सरकत होती, छोटे दगड घरंगळत होते, ती नाकाने श्वास घेत होती तो आवाजसुद्धा येत होता. मग काहीच येईना. दादा, त्या काहीच-येईना मध्ये मी मेले. आई रोज अशी बसायची?

मग वरून हाक आली. "आई, मी मोठी आहे!"

ती वर कशी दिसत होती ते मला माहीत नाही. मी वळले नाही.

हे सगळं तुला आनंदाने लिहिणार होते. पत्र लिहायला घेतलं आणि खाली दारात पाकीट आलेलं दिसलं. इथल्या बागखात्याचं. माझ्या मार्चमधल्या अर्जाला उत्तर. "आपल्या मागणीची दखल घेऊन सदर उंचवटा सपाट करण्यात येत आहे." सोबत आमच्या सगळ्यांच्या सह्यांची प्रत आणि वर अभिनंदन की नागरिकांनी असं जागरूक असावं.

मी लगेच ऑफिसात गेले. खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, "बाई, अर्ज तुमचाच आहे ना? मग?" मी म्हटलं, परत घ्यायचा आहे. तो म्हणाला, अर्ज एकटीचा नाही, सगळ्यांचा आहे, सगळ्यांनी लिहून द्यायला हवं. म्हणून मी पुन्हा प्रत्येक मजल्यावर गेले. तीच दारं, त्याच आया. त्यांनी मला माझेच शब्द ऐकवले. कुणाचा हात मोडला म्हणजे? कोण जबाबदार? पोरांच्या बागेत असलं ठेवतातच कसं? इतक्या पाठ झाल्या आहेत त्यांना माझ्या ओळी. सही फक्त एकीने दिली, जिला मी तेव्हा दरडावून सही करायला लावली होती तिने. चहाही दिला.

तू बागखात्यातला माणूस आहेस. काही मार्ग असेल तर सांग. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं की मार्ग असता तर तो तुला सापडला असता.

मशीन सोमवारी येणार आहे. मुंगीला सांगितलेलं नाही. ती आज पुठ्ठा घेऊन गेली होती, फ्रिजच्या खोक्याचा, स्वतःपेक्षा मोठा. पुठ्ठ्यावर बसून ती खाली येते तेव्हा लांब, कोरडा आवाज होतो, तुला आठवत असेल. मी तो ऐकत बसते.

सोमवारपर्यंत आम्ही रोज जातो आहोत.

तुझी
छोटी